पालिकेच्या जुन्या इमारतीचा इतिहास शोधताय? अर्ज असा करा

मुंबईतल्या एखाद्या जुन्या उदंचन केंद्राचा (पंपिंग स्टेशनचा), जलाशयाचा किंवा वीज उपकेंद्राचा इतिहास शोधायचा, तर आधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. तिच्यावरचा भूखंडाचा भूमापन क्रमांक, म्हणजे शहरात सी.एस. आणि उपनगरात सी.टी.एस. क्रमांक, हाती आला की पुढचा प्रत्येक अर्ज नेमका होतो. पत्त्यावर विसंबू नका, रस्त्यांची नावं बदललेली असतात.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. तो कोणताही भारतीय नागरिक करू शकतो, कारण सांगावं लागत नाही. 'नमुना अ' आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखला जोडला की शुल्क माफ. एका अर्जात एकच विषय, मजकूर साधारण १५० शब्दांत.

खरी मेख मजकुरात आहे. 'इमारतीचा इतिहास कळवावा' असं लिहिलंत, तर 'माहिती संकलित नाही' हे उत्तर जवळपास ठरलेलं, कारण कायद्याने फक्त अस्तित्वात असलेला अभिलेख मिळतो. त्याऐवजी लिहा: 'सी.एस. क्रमांक अमुक येथील इमारतीचे नकाशे, बांधकामाचा ठराव व दुरुस्तीच्या नस्त्या (फाइली) यांचे निरीक्षण करून हव्या त्या पानांच्या प्रती मिळाव्यात.' निरीक्षण मागाच, त्याचा पहिला तास मोफत असतो. जुन्या नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत तारीख आणि अभियंत्याची सही सापडते. प्रत काढताना नेमकी तीच कापली जाऊ नये, हे जातीने बघा.

मलबार हिलचा १८८७ चा जलाशय आजही वापरात आहे. अशा ठिकाणी सुरक्षेच्या कारणाने नकार येऊ शकतो. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) वीस वर्षांपूर्वीची माहिती खुली करतं, पण सुरक्षेचा अपवाद तिथेही कायम राहतो. तेव्हा कलम १० खाली 'आक्षेपार्ह भाग वगळून उरलेलं द्या' असं मागा.

उत्तराची मुदत ३० दिवस. ते आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

'बेस्ट'ची, म्हणजे पालिकेच्या वीज आणि बस उपक्रमाची, इमारत असेल तर ७ ऑगस्ट १९४७ ही तारीख लक्षात ठेवा; त्या दिवशी 'बेस्ट' पालिकेकडे आली. त्याआधी 'बेस्ट' ही खासगी कंपनी होती, म्हणून त्या काळचं सगळं पालिकेच्या दप्तरात मिळेल असं धरू नका. ब्रिटिशकालीन सरकारी पत्रव्यवहारासाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेख संचालनालय गाठा आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचे खंड मागा. तिथल्या अर्जात संशोधनाचा विषय आणि कालखंड स्पष्ट लिहा, ओळखपत्र जवळ ठेवा, संस्थेचं शिफारसपत्र असेल तर तेही जोडा.