आम्ल पाऊस वेगळा, आम्ल जमीन वेगळी

पावसाळ्यात पानांवर डाग दिसले की "ॲसिड रेन झालाय, शेतात चुना टाका" हा सल्ला फोनवर फिरायला लागतो. दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी जीव कळवळतो.

आम्ल पाऊस शाळेतच शिकलोय. कोळसा, डिझेल जळतं. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड पाण्यात उतरतात. स्वच्छ पावसाचाही सामू (pH; ७ च्या जितका खाली, तितकं आम्ल जास्त) ५.६ च्या आसपास असतो, म्हणून ५.८ आला तर घाबरू नका. पान थेट भाजायला सामू ३ च्या जवळपास उतरावा लागतो. आपल्याकडचे डाग बहुतेक वेळा करपा रोगाचे असतात.

खरा घोळ मातीचा. कोकणातली जांभ्याची तांबडी माती आम्ल झाली ती धुराने नाही. साध्याच पावसाने, पण वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर कोसळणाऱ्या, हजारो वर्षांत तिच्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलं. वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट टाकलं तर सामू आणखी उतरतो. तो ५.५ च्या बराच खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं, मुळांची टोकं जाड-आखूड होतात, स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतो. चुना हवा तो इथे. तोही माती तपासून, पेरणीआधी दोन-तीन आठवडे, आणि युरियासोबत कधीच नाही.

आता देशावरची चुनखडीची काळी जमीन घ्या. सामू ७.५ ते ८.५. ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, फसफसून बुडबुडे येतात. पावसातलं आम्ल ही माती अशीच जिरवते. तिच्यात वरून चुना टाकणं म्हणजे लोह आणि जस्त पिकापासून आणखी दूर लोटणं. माझ्या मामांनी असाच सल्ला ऐकून उसाला चुना दिला. आधीच फिकट पडलेला ऊस आणखी पिवळा झाला. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. केवडाच तो, म्हणजे लोह न मिळाल्याने येणारा पिवळेपणा.

आणि कृपा करून जिप्समला चुना म्हणू नका. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या जमिनीसाठी. त्याने आम्ल जमिनीचा सामू वर येत नाही.

शेत औष्णिक वीजकेंद्राच्या किंवा रासायनिक कारखान्याच्या वाऱ्याखाली असेल, तर मात्र शंका रास्त आहे. प्लास्टिकच्या स्वच्छ भांड्यात चार-पाच वेगवेगळ्या सरींचं पाणी धरा आणि त्याच दिवशी सामू मोजा. सतत ४.५ च्या खाली येत असेल तर रोपवाटिका आच्छादनाखाली न्या, शेणखत वाढवा, आणि चुन्याचा निर्णय माती परीक्षणाचा कागद हातात आल्यावरच घ्या.