मारिउपोलचे आठ बिट

मार्च २०२२ मध्ये रशियन सैन्याचा वेढा पडला असताना युक्रेनमधल्या मारिउपोल शहरात बॉम्बफेकीत ‘क्लब ८-बिट’ हे खासगी संगणक संग्रहालय नष्ट झालं. एका माणसाने वर्षानुवर्षं खपून तिथे ५०० हून अधिक वस्तू जमवल्या होत्या. जिथे हजारो माणसं मेली, तिथल्या यंत्रांसाठी हळहळावं का? मला वाटतं, हळहळावं. कारण सोव्हिएत काळातल्या अशा यंत्रांमागे माणसांचीच बुद्धी आणि हात होते.

१९८२ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक बाजारात आला. सोव्हिएत संघात तो सहज मिळत नसे, म्हणून हौशी लोकांनी त्याच्या नकला घरीच बनवायला घेतल्या. त्यातला झेड८० प्रोसेसर किंवा त्याची पूर्व जर्मन नक्कल मिळवता यायची. अडचण होती ती पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या चिपची. ती खास सिंक्लेअरसाठी बनवलेली. मग या लोकांनी तिचं काम नेमकं काय ते शोधून काढलं आणि कित्येक साध्या चिप डाग देऊन जोडून तेच काम करून घेतलं! ‘लेनिनग्राड’, ‘पेंटागॉन’ ही अशाच नकलांची नावं.

प्रोग्रॅम असायचे साध्या ऑडिओ कॅसेटवर. शून्यासाठी आखूड लहर, एकसाठी तिच्या दुप्पट लांब. प्रोसेसर लहरींची लांबी मोजत जायचा. कानाला ती नुसती किरकिर वाटायची. मोठा गेम चढायला चार-पाच मिनिटं लागत, आणि टेपरेकॉर्डरचं हेड जरा तिरकं असलं की सगळं फुकट. मग छोटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन हेडचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावायची.

जुने गेम आज कुठल्याही लॅपटॉपवर एम्युलेटरने, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने, चालतात, मग मूळ यंत्र हवं कशाला? ४८ केबीच्या मूळ स्पेक्ट्रममध्ये पडद्यावरचं एक पूर्ण चित्र प्रोसेसरच्या घड्याळाच्या ६९,८८८ ठोक्यांत उमटतं. ‘पेंटागॉन’मध्ये ७१,६८० ठोक्यांत. ठोके मोजून लिहिलेली रंगांची करामत एकावर झकास दिसते, दुसऱ्यावर विस्कटते. एम्युलेटरमध्ये हा फरक उतरवायचा तर आधी कुणीतरी तो खऱ्या बोर्डावर मोजलेला असावा लागतो. आणि कुणी घरी बसून स्वतःच्या अकलेने बदललेल्या जोडणीचा नकाशा बहुधा त्या बोर्डाशिवाय कुठेच नसतो.