ग्रँडमदर्स अगेन्स्ट रिमूव्हल्स

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूलनिवासी, आज्यांनी २०१४ मध्ये उभी केलेली चळवळ. सरकारी बालसंरक्षण खात्याने नातवंडे घरातून उचलून नेऊ नयेत, आणि नेलीच तर ती नात्यागोत्यातच ठेवावीत, ही तिची मूळ मागणी. कामिलरॉय लोकांच्या मुलखातील गनेडा या गावी हेझल कॉलिन्स यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. त्या ओळखल्या जातात ‘आंटी हेझल’ म्हणून. ॲबोरिजिनल समाजात आंटी हे वडीलधाऱ्या बाईचे मानाचे संबोधन आहे.

आज्यांच्या रागाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. ॲबोरिजिनल लोकांच्या ‘संरक्षणा’साठी केलेल्या १९०९ च्या कायद्यात १९१५ साली दुरुस्ती झाली आणि न्यायालयात न जाताही मुले ताब्यात घेण्याचा अधिकार राज्याच्या ‘संरक्षण’ मंडळाला मिळाला. मुलींना कूटामंड्रा येथील वसतिगृहात घरकामाचे शिक्षण देऊन गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून धाडले जाई. मुलगे किंचेला येथील वसतिगृहात जात. मंडळ १९६९ मध्ये बरखास्त झाले. अशा मुलांना ‘स्टोलन जनरेशन्स’, म्हणजे चोरलेल्या पिढ्या, म्हणतात. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्यांची माफी मागितली.

मुले नेणे मात्र थांबले नाही. देशभर घराबाहेर ठेवलेल्या मुलांमध्ये मूलनिवासी मुलांचा वाटा १९९७ मध्ये सुमारे २० टक्के होता, तो पुढे ४० टक्क्यांवर गेला. एकूण बालसंख्येत ही मुले जेमतेम ६ टक्के आहेत. मारहाण, अत्याचार यांची प्रकरणे असतातच, आणि आज्या ती नाकारत नाहीत. वाद आहे तो ‘हेळसांड’ या शब्दाचा. रिकामा फ्रिज, एका घरात दाटीने राहणारी माणसे, मुलाचे आज इथे तर उद्या मावशीकडे राहणे: यातले बरेचसे गरिबीचे किंवा रीतीचे लक्षण असते. या समाजात आईची बहीणही आईच मानली जाते. ‘माय मरो, पण मावशी उरो’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मूल हलवायचेच झाले तर आधी नातेवाइकांकडे द्यावे, हे तत्त्व राज्याच्या कायद्यात १९८७ पासून आहे. ते कागदावरच राहते, अशी आज्यांची तक्रार. २०१५ मध्ये त्यांनी खात्याकडून मार्गदर्शक तत्त्वे मान्य करून घेतली: निर्णय घेताना स्थानिक ॲबोरिजिनल मंडळींना विचारायचे. विरोधात घोषणा देणाऱ्या बायकांनी खात्याच्याच टेबलाशी बसून मिळवलेले हे यश मोठे, पण त्या तत्त्वांना कायद्याचे बळ नव्हते. २०१८ मध्ये विरोध डावलून घराबाहेर ठेवलेल्या मुलांचे दत्तकविधान सुलभ करणारी दुरुस्ती संमत झाली. पुढच्याच वर्षी कायद्याच्या प्राध्यापक मेगन डेव्हिस यांच्या समितीने घराबाहेर नेलेल्या १,१४४ ॲबोरिजिनल मुलांची प्रकरणे तपासून १२५ शिफारशी केल्या.

मोर्च्यांसाठी आज्यांनी माफीचाच दिवस, १३ फेब्रुवारी, निवडला. त्यांची घोषणा आहे: ‘माफी म्हणजे पुन्हा तसे न करणे.’