बंद रोबोची डावनीती

सांघिक रोबोटिक्स स्पर्धेत सामना चालू असताना, किंवा सुरू होण्याआधीच, एखादा रोबो निकामी झाला तर त्याच्या जागेचा, वजनाचा आणि मैदानावरील उपस्थितीचा उरलेल्या खेळाडूंनी कसा उपयोग करून घ्यावा याचे नियोजन. अशा रोबोला ‘डेड बॉट’, म्हणजे मेलेला रोबो, म्हणतात.

या डावनीतीचा सर्वाधिक विचार फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, म्हणजे एफआरसी, या स्पर्धेत झाला. डीन केमेन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ संस्थेची ही स्पर्धा १९९२ पासून भरते. २००५ पासून तीन संघांची एक अलायन्स, म्हणजे युती, दुसऱ्या तिघांविरुद्ध खेळते. अनेक हंगामांत सामना अडीच मिनिटांचा होता : १५ सेकंद स्वयंचलित, उरलेला वेळ चालकांच्या हाती. तिघांतला एक थांबला की ताकद एक तृतीयांशाने घटते. दोन-दोन रोबोंच्या एफटीसी (फर्स्ट टेक चॅलेंज) आणि व्हेक्स या इतर स्पर्धांत ती थेट निम्मी होते. मात्र बंद रोबो मैदानाबाहेर जात नाही. कबड्डीत बाद झालेला गडी मैदानाबाहेर जाऊन बसतो. इथे तो आहे त्या जागी, सगळ्यांच्या वाटेत उभा राहतो. सामना संपेपर्यंत आत जाऊन त्याला कुणी हात लावू शकत नाही.

पहिले काम निदानाचे. एफआरसीच्या प्रत्येक रोबोवर नारिंगी दिवा असतो. तो लुकलुकत असेल तर रोबो सक्रिय आहे. स्थिर पेटलेला असेल तर वीज आहे, पण हालचालीची परवानगी नाही. बहुधा संपर्क तुटलेला असतो. दिवाच विझला असेल तर बॅटरीची जोडणी सुटली किंवा धक्क्याने १२० अँपिअरचा मुख्य ब्रेकर पडला, असे समजावे. स्थिर दिवा म्हणजे आशा : रेडिओ किंवा नियंत्रक पुन्हा सुरू होऊन रोबो परत येऊ शकतो. विझलेला दिवा म्हणजे त्या सामन्यापुरता कारभार आटोपला. चालकांना सूचना देणाऱ्या ड्राइव्ह कोचने चालकाच्या पडद्याकडे बघत बसण्यापेक्षा आधी दिव्याकडे पाहावे. पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात, आणि हाती सेकंदच असतात. घाबरून आणीबाणीचे लाल बटण दाबणे मात्र महागात पडते. ते दाबल्यावर रोबो त्या सामन्यात परत येत नाही.

बंद रोबो गुण देऊ शकतो, कारण एफआरसीचा खेळ दरवर्षी बदलतो आणि त्यांतल्या बऱ्याच खेळांत शेवटचे गुण हालचालीचे नसून जागेचे असतात. २०२३ च्या खेळात रोबो आपल्याच आवारातून सुरुवात करत आणि शेवटी पूर्णपणे तिथे असलेल्या रोबोला २ गुण मिळत; म्हणजे सुरुवातीलाच मेलेला रोबो फुकटात २ गुण कमावून बसे. २००७ मध्ये सहकाऱ्याला ४ इंच उचलण्याचे १५, तर १२ इंच उचलण्याचे ३० गुण होते. खालून काटे घालून उचलणारी यंत्रणा असलेल्या संघाला जोडीदार जिवंत असण्याचीही गरज नव्हती. २०१८ मध्ये तर ‘लेव्हिटेट’ नावाची सोय होती : ठरलेल्या खान्यात तीन ठोकळे टाकून बटण दाबले की शेवटी दांडीवर न चढलेल्या एका रोबोच्या चढाईचे ३० गुण अलायन्सच्या खात्यात जमा होत. जोडीदार लंगडा आहे हे आधी माहीत असेल तर हे ठोकळे राखून ठेवणे शहाणपणाचे होते.

तरीही मेलेल्या रोबोला ढकलत घरी आणण्याचा मोह बहुतेक वेळा आवरलेलाच बरा. त्याच २०२३ च्या खेळात वरच्या रांगेत एक वस्तू ठेवण्याचे ५ गुण होते. मैदानाच्या पलीकडे मेलेल्या जोडीदाराला २ गुणांसाठी रेटत आणणारा चालक भावनेने खेळत असतो, हिशेबाने नाही. अपवाद एकच : मेलेला रोबो आपल्या येण्याजाण्याच्या वाटेत आडवा असेल तर सगळे सोडून आधी त्याला बाजूला करावे.

ढकलणेही वाटते तितके सोपे नाही. २०२० ते २०२४ या काळात वजनमर्यादा बॅटरी आणि बंपर सोडून १२५ पाउंड, म्हणजे सुमारे ५७ किलो, होती. सगळे धरून पासष्ट-सत्तर किलोंचा ऐवज गालिच्यावरून सरकवायचा. मोटर नियंत्रक ‘ब्रेक’ स्थितीत असेल तर वीज असेपर्यंत थांबलेली चाके अडून बसतात. ‘कोस्ट’ स्थितीत ती मोकळी फिरतात. रबरी चाकांचा रोबो आडवा सरकताना हटून बसतो, मेकॅनम किंवा ओम्नी चाकांचा (ज्यांच्या कडेवर छोटे रूळ असतात) सहज घसरतो. म्हणून जाणते संघ सामन्याआधी रांगेत उभे असतानाच जोडीदाराला विचारून घेतात : चाके कोणती, बंद पडलास तर कुठून रेटू?

काही खेळ मेलेल्या रोबोला अजिबात माफ करत नाहीत. २०१४ मध्ये गोल होण्याआधी चेंडू तिघांच्या हातून गेला तर ३० गुण, दोघांच्या हातून गेला तर १० होते. एक रोबो थांबला की ३० चा रस्ता बंद. त्यात स्वयंचलित टप्प्यानंतर अलायन्सचा एका वेळी एकच चेंडू खेळात असे. तो मेलेल्या रोबोच्या पोटात अडकला तर नवा चेंडू मिळेपर्यंत डाव खोळंबे.

प्रतिस्पर्ध्याच्या मार्गात मेलेला रोबो भिंतीचे काम आपोआप करतो. मुद्दाम बंद पडल्याचे सोंग घेणे मात्र ‘फर्स्ट’च्या उभारणीत केमेन यांचे सहकारी असलेल्या वूडी फ्लॉवर्स यांनी रुजवलेल्या ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ (चुरशीतही सौजन्य) या मूल्यात बसत नाही, आणि पुढच्या फेरीसाठी जोडीदार निवडताना असा संघ कुणाला नको असतो.

वाशी, नेरूळ, ऐरोली, खारघर पट्ट्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना जवळची स्पर्धा रोबोकॉन. तिची आंतरराष्ट्रीय फेरी २००८ मध्ये पुण्यात दहीहंडीच्या कल्पनेवर झाली आणि २०२२ मध्ये नवी दिल्लीत चक्क लगोरीवर. तिथे अलायन्स नसते. जोडीदार आपल्याच संघाचा दुसरा रोबो असतो. लगोरीत एक रोबो चेंडूने रास फोडे आणि दुसरा ती रचे, त्यामुळे रचणारा मेला तर फोडणाऱ्याची सगळी नेमबाजी वाया. एफआरसीच्या उलट, इथे रिट्राय मागून रोबो उचलून पुन्हा आरंभस्थानी ठेवता येतो. मग डावनीतीचा प्रश्न बदलतो : रिट्राय किती लवकर मागायचा? तयारीही त्याच अंगाने होते. रबाळे-महापे एमआयडीसीतून किंवा वागळे इस्टेटमधून कापून आणलेल्या सांगाड्याला दोन माणसांना धरता येतील अशा मुठी बसवायच्या, रीसेटचे बटण बाहेरून बोटाने लागेल असे ठेवायचे, आणि सरावात कुणीतरी न सांगता वीज तोडून बाकीच्यांना तो उचलून परत चालू करायला लावायचे.