विमानांची जमिनीवरील धडक

विमानतळावर स्वतःच्या इंजिनांवर चालणारे किंवा ट्रॅक्टरने ओढले-ढकलले जाणारे विमान दुसऱ्या विमानाला घासले किंवा आदळले, की त्या घटनेला जमिनीवरील धडक म्हणतात. ती बहुधा टॅक्सीवेवर (धावपट्टी आणि एप्रन जोडणाऱ्या रस्त्यावर), एप्रनवर (विमाने उभी करण्याच्या पटांगणावर) किंवा पार्किंग बेच्या (एका विमानाला उभे राहण्यासाठी आखलेल्या जागेच्या) तोंडाशी होते. धावपट्टीवरच्या टकरी या नोंदीत येत नाहीत. तिथे एक तरी विमान उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या वेगात असते आणि परिणाम भयंकर होतो. 27 मार्च 1977 रोजी तेनेरीफ बेटावर दोन बोइंग 747 धावपट्टीवर आदळली आणि 583 जणांचा मृत्यू झाला. टॅक्सीवेवरच्या धडकेत सहसा कुणाला खरचटतही नाही. पंखाचे टोक मोडते, शेपटीचा पत्रा फाटतो, दोन विमानांतले प्रवासी खोळंबतात. म्हणूनच बातम्यांत तिला ‘किरकोळ’ म्हटले जाते. मात्र या पंखांत टनावारी इंधन असते, हे विसरून चालणार नाही.

अशी धडक होते कशी, हे समजण्यासाठी टॅक्सीवेवरची पिवळी मध्यरेषा समजून घ्यावी लागते. पुढचे चाक त्या रेषेवर ठेवून वैमानिक विमान नेतो. पंखांच्या दोन्ही बाजूंना पुरेशी जागा राहील, याचा हिशेब विमानतळ बांधतानाच केलेला असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने पंखांच्या विस्तारानुसार, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या रुंदीनुसार, विमानांचे गट पाडले आहेत. एअरबस ए320 आणि बोइंग 737 ही ‘सी’ गटातली, म्हणजे 24 ते 36 मीटरच्या आतली. बोइंग 777 ‘ई’ गटात, 65 मीटरच्या आत. जवळजवळ 80 मीटर पंखविस्ताराचे ए380 ‘एफ’ गटात. बेमध्ये उभ्या असलेल्या विमानाभोवती ‘सी’ गटासाठी साडेचार मीटर आणि त्याहून मोठ्या गटांसाठी साडेसात मीटर मोकळी जागा हवी, असा दंडक आहे.

हा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: बाकीची विमाने जिथे असायला हवीत तिथेच आहेत. शेजारचे विमान बेमध्ये पूर्ण आत शिरलेले नसेल किंवा थांबरेषेच्या बरेच अलीकडे उभे असेल, तर त्याची शेपटी मागच्या टॅक्सीवेच्या हद्दीत राहते. अशा वेळी मध्यरेषेवर तंतोतंत चालणारे विमानही त्याला घासू शकते. प्रवासी विमानांच्या गाजलेल्या धडका पाहिल्या, तर हाच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. एक विमान थांबलेले असते, दुसरे त्याच्या मागून जाते. चालत्या विमानाच्या पंखाचे टोक थांबलेल्याच्या शेपटीला लागते.

11 एप्रिल 2011 रोजी रात्री न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ए380 टॅक्सीवेवरून चालले होते. बॉस्टनहून नुकतेच उतरलेले कॉमेअरचे छोटे सीआरजे-700 एप्रनकडे वळून थांबले होते. त्याची शेपटी मागे बाहेर राहिली होती. ए380 च्या डाव्या पंखाचे टोक तिला लागले आणि छोटे विमान प्रवाशांसकट जागच्या जागी गर्रकन फिरले. कुणालाही इजा झाली नाही. ही घटना चित्रित झाली आहे. ते दृश्य पाहिले, की वेग कमी असला तरी शेकडो टनांच्या विमानाचा रेटा काय असतो ते कळते. मे 2018 मध्ये इस्तंबूलच्या अतातुर्क विमानतळावर एशियाना एअरलाइन्सच्या ए330 च्या पंखाने टर्किश एअरलाइन्सच्या थांबलेल्या ए321 चे उभे शेपूट आडवे पाडले. सप्टेंबर 2024 मध्ये अटलांटात डेल्टाच्या ए350 ने मागून जाताना एंडेव्हर एअरच्या सीआरजे-900 ची शेपटी उखडली. सीआरजे विमानांचे आडवे शेपूट उभ्या शेपटाच्या माथ्यावर बसवलेले असते, त्यामुळे टोला बसला की वरचा सगळा डोलारा कोसळतो.

वैमानिकाला हे दिसत कसे नाही, असा प्रश्न साहजिक पडतो. उत्तर कॉकपिटच्या रचनेत आहे. मागे झुकलेल्या पंखांची टोके वैमानिकाच्या पाठीमागे, कित्येक मीटर दूर असतात. बोइंग 747, 757, 767, 777 आणि ए380 यांसारख्या विमानांत खिडकी उघडून डोके बाहेर काढल्याशिवाय ती दिसतच नाहीत, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोंदवले आहे. विमानाला बाजूचे आरसे नसतात. शिवाय रात्री समोरच्या विमानाची शेपटी नेमकी किती अंतरावर आहे, हे दोन-चार दिव्यांवरून ताडणे अवघड जाते. वळताना आणखी एक अडचण येते. झुकलेल्या पंखाचे टोक सरळ चालताना जितकी जागा घेते, त्याहून बाहेरचा घेर वळताना घेते. आधी मोकळी वाटलेली जागा वळण अर्धे झाल्यावर पुरत नाही.

नियंत्रण मनोऱ्याकडून ‘अमुक टॅक्सीवेने जा’ अशी परवानगी मिळाली, तरी तिचा अर्थ पंखाला जागा आहे असा होत नाही. मनोरा मार्ग ठरवतो, क्रम लावतो, धावपट्टी सांभाळतो. जमिनीवरच्या रडारच्या पडद्यावर विमान कुठे आहे ते दिसते, पण त्याच्या पंखाचे टोक शेजारच्या शेपटीपासून दोन मीटरवर आहे की चार, हे त्यावरून ठरवता येत नाही. दुसऱ्या विमानाला न लागता जाण्याची जबाबदारी शेवटी कॉकपिटमधल्या दोघांवर येते. शंका आली तर थांबायचे आणि वाट मोकळी असल्याची खात्री करून मगच पुढे जायचे, हाच त्यावरचा उपाय. गर्दीच्या विमानतळावर मागे रांग लागलेली असताना आणि उड्डाणाची वेळ टळत असताना तसे थांबायला धीर लागतो. थांबणाऱ्या वैमानिकाला उशिरासाठी धारेवर धरण्याची पद्धत सुरक्षेच्या मुळावर येते.

पुशबॅकच्या, म्हणजे ट्रॅक्टरने विमान बेमधून मागे ढकलण्याच्या, वेळी सूत्रे जमिनीवरच्या माणसांच्या हाती असतात. विमान मागे जात असते आणि वैमानिकाला मागचे काहीच दिसत नाही. ट्रॅक्टर चालवणारा, हेडसेट लावून कॉकपिटशी बोलणारा आणि पंखांच्या टोकांपाशी चालत इशारे देणारे विंग वॉकर यांच्यावर सगळी मदार असते. 5 जानेवारी 2018 रोजी टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर गेटची वाट पाहत थांबलेल्या वेस्टजेटच्या 737 ला सनविंगचे रिकामे 737 मागे नेले जाताना धडकले. पंख आणि शेपटी भिडली तिथे आग लागली आणि वेस्टजेटच्या प्रवाशांना घसरगुंड्यांवरून बाहेर काढावे लागले. जानेवारी 2024 मध्ये जपानच्या न्यू चितोसे विमानतळावर बर्फ पडत असताना पुशबॅक होणारे कोरियन एअरचे ए330 कॅथे पॅसिफिकच्या 777 ला घासले.

भारतातले अलीकडचे ठळक उदाहरण कोलकात्याचे. 27 मार्च 2024 रोजी चेन्नईला जाणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीवर जाण्याच्या परवानगीसाठी थांबले होते. दरभंग्याला निघालेल्या इंडिगोच्या ए320 चा पंख शेजारून जाताना त्याच्या पंखाला घासला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने इंडिगोच्या दोन्ही वैमानिकांना चौकशी होईपर्यंत कामावरून बाजूला केले.

अशा घटनेची कायदेशीर वर्गवारी वाचून अनेकांना आश्चर्य वाटते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या परिशिष्ट 13 नुसार केवळ पंखाचे टोक, अँटेना, टायर किंवा पातळ पत्र्यापुरते नुकसान झाले आणि कुणी गंभीर जखमी नसेल, तर तो ‘अपघात’ धरला जात नाही, ‘घटना’ धरली जाते. शेपटीच्या सांगाड्याला इजा झाली तर मात्र तो अपघात होऊ शकतो. म्हणजे एकाच धडकेत एका विमानाचे नुकसान ‘घटने’पुरते आणि दुसऱ्याचे अपघाताच्या पातळीचे असू शकते. दिसायला लहान ओरखडा असला, तरी विमान तपासल्याशिवाय उडवत नाहीत. कार्बनतंतूंच्या पंखात वरून काही दिसत नसताना आतले थर सुटलेले असू शकतात आणि ते शोधायला अल्ट्रासाउंडसारखी तपासणी लागते.

सप्टेंबर 2012 मध्ये अमेरिकी सुरक्षा मंडळाने मोठ्या विमानांवर पंखांच्या टोकांचे अंतर दाखवणारी यंत्रणा, उदाहरणार्थ कॅमेरे, बसवण्याची शिफारस केली. बोइंग 777-300 सारख्या काही लांब विमानांत जमिनीवर वापरायचे कॅमेरे आहेत, पण ते मुख्यतः चाके पाहण्यासाठी. पंखांच्या टोकांसाठी बहुतेक प्रवासी विमानांत आजही काही नाही. बोइंगच्या नव्या 777एक्स मालिकेत पंखांची टोके जमिनीवर वर दुमडतात आणि 71.8 मीटरचा विस्तार 64.8 मीटरवर येतो. हेतू इतकाच, की विमान ‘ई’ गटाच्या जागेत मावावे. विमानतळांच्या बाजूने दिव्यांनी मार्ग दाखवणारी व्यवस्था, थांबरेषेवरचे लाल दिवे आणि अरुंद टॅक्सीवेवर मोठ्या विमानांना मज्जाव हे उपाय आहेत. तरीही धडका थांबलेल्या नाहीत. 1 ऑक्टोबर 2025 च्या रात्री न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर डेल्टा कनेक्शनची दोन सीआरजे-900 टॅक्सीवेवर आदळली. एकाचा पंख दुसऱ्याच्या नाकाडात घुसला आणि एक केबिन कर्मचारी जखमी झाली.