नांदेड–अमृतसर हवाई अंतराची पार्श्वभूमी

नांदेड ते अमृतसर हे हवाई अंतर सुमारे १,४०० किलोमीटर आहे. विमान जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे कलून जाते आणि जेट विमानाला त्यासाठी सव्वादोन ते अडीच तास पुरतात. नांदेड–अमृतसर धावणारी सचखंड एक्स्प्रेस ही रेल्वे मात्र आधी परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करीत सुमारे ३५० किलोमीटर पश्चिमेला मनमाडपर्यंत जाते आणि मग भुसावळ, इटारसीमार्गे उत्तरेची वाट धरते. त्यामुळे रेल्वेचे अंतर दोन हजार किलोमीटरांच्या पुढे जाते आणि प्रवासात साधारण दीड दिवस मोडतो. पूर्णा–अकोला–खंडवा हा जवळचा रेल्वेमार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या रुळांच्या रुंदीकरणाच्या वादात अडकला.

गुरू गोविंदसिंगांनी नांदेडमध्ये गुरू ग्रंथसाहिबला गुरुपद दिले, त्या गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त २००८ मध्ये नांदेडचा विमानतळ विस्तारला आणि मोठी जेट विमाने उतरू शकतील अशी धावपट्टी शहराला मिळाली. अमृतसरचे विमान थेट सुरू करण्यात तांत्रिक अडचण त्यानंतर उरलेली नव्हती.

यानंतरचा निर्णय अजूनही वादाचा आहे. २००९ मध्ये नांदेड, लातूर, धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद), बारामती आणि यवतमाळ हे पाच विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खासगी कंपनीकडे सोपवले गेले. लहान विमानतळ चालवण्याचा खर्च शासनाने सोसू नये आणि खासगी भांडवल आले की विमाने आपोआप येतील, अशी समर्थकांची मांडणी होती. ती सर्वस्वी चुकीची म्हणता येत नाही, कारण प्रवासी नसलेली धावपट्टी राखणे कोणत्याही यंत्रणेला जडच जाते. परंतु जवळजवळ शतकभराचा पट्टा देताना ठरावीक मुदतीत नियमित सेवा सुरू होईल, याची पक्की हमी पदरात पाडून घेणे आवश्यक होते. लातूर आणि धाराशिव येथे नियमित प्रवासी सेवा टिकली नाही, आणि देशभरातून भाविक येत असलेल्या नांदेडलाही दीर्घकाळ विमानाविना राहावे लागले. पुढे राज्य शासनाने हे विमानतळ परत घेण्याचा निर्णय केला. तोवर मराठवाड्याची महत्त्वाची वर्षे हातची गेली होती, आणि हे नुकसान चर्चेत पुरेसे मोजले जात नाही.

२७ एप्रिल २०१७ रोजी उडान या लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेच्या पहिल्या फेऱ्यांत नांदेड–हैदराबादचा समावेश झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमृतसरचे थेट विमान सुरू झाले. उडानमधील तूट भरून काढणारे अनुदान तीन वर्षांपुरतेच असते. कोरोनाकाळात देशभरची उड्डाणेच थांबली आणि पुढे नांदेडचे हे दोन्ही मार्ग बंद पडले.

३१ मार्च २०२४ पासून नांदेड पुन्हा पंजाबशी जोडले गेले, पण दिल्लीजवळच्या हिंडन विमानतळामार्गे जालंधरजवळच्या आदमपूरला. नकाशावर पाहिल्यास हिंडन जवळजवळ वाटेवरच पडते, त्यामुळे नांदेड–हिंडन–आदमपूर हे अंतरही १,४०० किलोमीटरांच्या आसपासच भरते. वेळ वाढतो तो हिंडनच्या थांब्यामुळे, आणि आदमपूरला उतरल्यानंतर अमृतसरपर्यंत रस्त्याने आणखी सुमारे १०० किलोमीटर जावे लागत असल्यामुळे.