दिवाळीच्या भरतकामाचे पंचिंग : ऑर्डर देण्यापूर्वी वाचावे

तोरण, कुर्ते किंवा भेटवस्तूंच्या पिशव्यांवर आकाशकंदील, पणती आणि ‘शुभ दीपावली’ ही अक्षरे मशीनवर भरून हवी असलेल्या ग्राहकांची चित्रे नवरात्रापासूनच आमच्याकडे येऊ लागतात. चित्रावरून मशीनसाठी टाक्यांची फाइल तयार करण्याच्या कामाला आमच्या धंद्यात पंचिंग म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये चित्र उघडून एक बटण दाबले की काम झाले, असे अनेकांना वाटते. तसे बटण असते, हे खरे. परंतु त्याला फक्त रंगांच्या सीमा कळतात, कापड आणि धागा कळत नाही, म्हणून आम्ही ते वापरत नाही.

आकाशकंदिलाच्या सर्व बाजू एकाच केशरी धाग्याने भरायच्या असल्या, तरी प्रत्येक बाजूच्या टाक्यांचा कोन आम्ही वेगळा ठेवतो, कारण चकचकीत धाग्यावरचा उजेड कोनाप्रमाणे बदलतो आणि रीळ न बदलताही कागदाच्या घड्या दिसू लागतात. रुंद भागाला तातामी (ओळीओळींनी जागा भरणारा टाका), कडांना व ज्योतीला साटीन (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारे दाट टाके) आणि झिरमिळ्यांच्या बारीक रेषांना रनिंग टाका (धावदोरा) योजला जातो. ४० नंबरच्या धाग्यासाठी दोन ओळींतील अंतर साधारण ०.४ मिमी असते. टाके कापडाला आत खेचतात, त्यामुळे पडद्यावर अचूक दिसणारा गोल कापडावर लंबगोल होतो. म्हणून टाक्यांच्या दिशेने आकार थोडा वाढवून घ्यावा लागतो आणि मुख्य टाक्यांखाली विरळ टाक्यांचा थर द्यावा लागतो.

देवनागरी अक्षरांना वेगळी काळजी लागते. प्रत्येक अक्षराची शिरोरेघ सुटी भरली, तर सांध्यांवर फटी दिसतात. म्हणून अक्षरे आधी आणि शिरोरेघ शेवटी सलग साटीनमध्ये घ्यावी, हे बरे. मात्र ‘भ’वर ती तोडावीच लागते. सुरुवातीच्या काळात आमच्याच एका नमुन्यात ती सलग गेली आणि ‘शुम दीपावली’ असे भरले गेले. ही चूक आम्हाला नव्हे, ग्राहकाच्या आईंना दिसली. अक्षरे फार लहान असल्यास वेलांट्या बुजतात, तेव्हा मजकूर कमी करणेच योग्य.

माहीमच्या कंदील गल्लीत रात्री काढलेला फोटो चालेल, परंतु झगमगाटात कडा हरवतात. दिवसाचा फोटो किंवा साधे रेखाचित्र अधिक उपयोगी पडते. सोबत तयार डिझाइनची रुंदी व उंची, कापडाचा प्रकार आणि मशीनची कंपनी कळवावी. होजिअरीच्या टी-शर्टला आणि खणाला एकच फाइल चालत नाही: टी-शर्ट ताणला जातो, त्यामुळे त्याला मागून बॅकिंग, म्हणजे आधाराचा थर, लागते, ज्याचा जादा भाग नंतर कापून काढतात. तयार फाइल मशीनवर मोठी करू नये. बहुतेक मशीनवर टाके तेवढेच राहतात, अंतर वाढते आणि मधून कापड डोकावते. वेगळे माप हवे असल्यास आम्हाला सांगावे.

फाइल आपल्या मशीनप्रमाणे डीएसटी, पीईएस किंवा जेईएफ स्वरूपात मिळेल. डीएसटीमध्ये धाग्यांचे खरे रंग साठवले जात नाहीत, म्हणून रंगांचा क्रम लिहिलेला कागद आम्ही सोबत देतो. तो मशीनजवळ ठेवावा. मंजुरीचा नमुना आपल्याच कापडावर भरून हवा असल्यास वीतभर तुकडा पाठवावा, आणि नमुना हाती आल्यावर रंग पाहण्याआधी अक्षरे वाचावीत.